कर्मकालातिपात : संकल्प आणि आरंभ यांमधील अंतर

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, प्रज्ञापराधाचे स्वरूप सांगताना आचार्यांनी जी कर्मे गणली आहेत त्यांत वेगधारण, वेगोदीरण व साहस यांच्या जोडीला 'कर्मकालातिपात' आणि 'मिथ्यारंभ' असे दोन शब्द आले आहेत. वेगधारणाविषयी आपण रुग्णास नित्य बोलतो. साहसाविषयीही बोलतो. कर्मकालातिपात मात्र पाठ करताना उच्चारला जातो आणि मागे पडतो. कर्माचा काळ हातून जाऊ देणे, हा त्याचा सरळ अर्थ. तो केवळ चिकित्साकर्माच्या काळापुरता घेतला, तरी सूत्रस्थानातील सद्वृत्तात आचार्यांनी हाच उपदेश सर्व व्यवहारांस लावला आहे. कार्याची वेळ टळू देऊ नये आणि माणसाने अतिदीर्घसूत्री होऊ नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे.

'अतिदीर्घसूत्री' या शब्दातील 'अति' हा उपसर्ग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. विचारास लागणारा वेळ आचार्यांनी नाकारलेला नाही. त्याच सद्वृत्तात परीक्षा केल्याविना एखाद्या गोष्टीत शिरू नये असेही बजावले आहे. आरंभास उशीर होणे आणि आरंभच चुकीचा होणे, हे दोन्ही प्रज्ञापराधच. म्हणून प्रस्तुत विवेचन 'आजच उठा, लगेच कामाला लागा' अशा धाटणीचे नाही. तसा उपदेश करणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत आणि ती वाचण्याचे कामही बहुधा उद्यावर ढकलले जाते.

चालढकलीचा विषय वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, आपल्या चिकित्सेतील अपयशाचा मोठा भाग औषधाच्या निवडीत नसून रुग्णाने न केलेल्या आरंभात असतो. आणि वैद्य म्हणून आपण स्वतःसाठी ठरविलेल्या गोष्टींचीही तीच गत असते.

किन्हीराजा व मालेगाव तालुक्याच्या या भागात आलेल्या कोणाही वैद्यास पुढील उत्तरे पाठ होतात. संधिगतवाताच्या रुग्णास बस्तीचा क्रम सुचविला, तर "सोयाबीन सोंगून होऊ द्या, मग येतो." सोयाबीन निघते तोवर हरभरा पेरायचा असतो. मग तूर, मग हरभऱ्याची काढणी, मग लग्नसराई. ती संपली की मशागत आणि पेरणी. वर्ष फिरून पुन्हा त्याच जागी येते व गुडघा तेवढा एक वर्षाने म्हातारा होतो. हे बोलणारा मनुष्य आळशी आहे काय? मुळीच नाही. मृगाचा पाऊस झाला आणि जमिनीस वापसा आला की हाच मनुष्य पहाटे चारला उठून तिफणीमागे उभा असतो. ट्रॅक्टर मिळाला नाही तर रात्रभर जागून मिळवितो. पेरणी त्याने कधी 'पुढच्या आठवड्यावर' टाकलेली नाही.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. पेरणीला काळ आहे, वापसा आहे, तो चुकला तर काय होते हे डोळ्यांपुढे आहे. गुडघ्याच्या चिकित्सेला, तंबाखू सोडण्याला, रोज चार फर्लांग चालण्याला असा वापसा नाही. ज्या कर्माला स्वतःचा काळ नसतो ते कर्म नेहमी काळ असलेल्या कर्मापुढे हरते. म्हणून उपदेशाने उत्साह वाढविण्यापेक्षा त्या संकल्पाला काळ आणि मात्रा नेमून देणे, हीच टाळाटाळीची मुख्य चिकित्सा होय. औषध लिहिताना आपण हे विसरत नाही. शार्ङ्गधराचार्यांनी पाच भैषज्यकाल सांगितले, सुश्रुताचार्यांनी दहा. नुसते 'घेत जा' म्हणून कोणी चूर्णाची पुडी देत नाही. संकल्पाच्या बाबतीत मात्र आपण 'व्यायाम करीत जा' एवढेच लिहून मोकळे होतो.

निदान

चिकित्सेपूर्वी निदान हवे, कारण 'करीन करीन' म्हणणारे सर्व रुग्ण एका व्याधीचे नसतात.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तंद्रा, क्लम, ग्लानी, गौरव यांच्या मालिकेत आलस्याची व्याख्या आली आहे. तिचा आशय असा : सुखद स्पर्शाची आसक्ती, दुःखाचा द्वेष, आणि शक्ती असूनही कर्मात उत्साह नसणे. यांतील 'शक्ती असूनही' हे पद निदानाचे कुलूप उघडते. ज्यास शक्तीच नाही त्याला आळशी म्हणणे ही वैद्याची चूक ठरेल. दुसरे, दुःखाचा द्वेष. फ्यूशा सिरवा व टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असे मांडले की, टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनाचा दोष नसून त्या क्षणीच्या अप्रिय भावनेपासून सुटण्याचा प्रयत्न असतो. काम कंटाळवाणे, भीतिदायक किंवा स्वतःविषयी शंका उत्पन्न करणारे असते. ते बाजूस सारताच मनाला तत्काळ बरे वाटते आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. सुश्रुताचार्यांच्या व्याख्येतील सुखासक्ती व दुःखद्वेष यांच्याशी हे किती जुळते, हे वाचकांनी पाहावे. 'आमच्याकडे सर्व आधीच होते' असा जयघोष आम्हांस करावयाचा नाही. पण व्याख्या अचूक आहे, हे मान्य करण्यास संकोच कशाला?

आता व्यवच्छेद. स्रोतोरोध, गौरव, अपक्ती, मलसंग, अरुची यांच्यासह आलस्य असेल तर ते सामलक्षण होय. तेथे दीपन-पाचन व लंघन हीच प्रेरणा. पांडुरोगी स्त्रीला सकाळी उठवत नाही, ती हिमोग्लोबिन तपासल्यावाचून 'मन मारून काम करा' या सल्ल्याची अधिकारी नाही. वजनवाढ, त्वचेचे रौक्ष्य, थंडी सहन न होणे यांच्या जोडीला मंदपणा आला तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. मधुमेह व निद्रानाश यांचाही विचार करावा.

यापुढील गोष्ट अधिक गंभीर आहे. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज घोषित केले, त्यांत वाशिम होता. या मातीत व्यवसाय करणाऱ्या वैद्याने, पूर्वी कामसू असलेला मनुष्य काही आठवड्यांपासून शेतात जात नाही, बोलत नाही, खात नाही, झोप तुटते, कशातच गोडी वाटत नाही अशी हकीकत ऐकली, तर तिला आलस्याचे नाव देऊ नये. तो विषाद आहे. जीव नकोसा वाटतो का, हे त्याला सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत खोटी आहे. उत्तर होकारार्थी वा संदिग्ध असेल तर त्याला एकटे न सोडता, घरच्यांना विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयात मानसोपचारासाठी त्याच दिवशी पाठवावे. टेलिमानस ही शासनाची १४४१६ या क्रमांकावरील विनाशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे व ती मराठीतही बोलते. हा क्रमांक प्रत्येक औषधालयाच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावलेला असावा, अशी आमची औषधालय-चालकांस विनंती आहे. पुष्कळदा फवारणीचे औषध आणि पोटदुखीचे चूर्ण घेणारा हात एकच असतो.

हे सर्व वगळल्यावर जे उरते ते खरे कर्मकालातिपाताचे क्षेत्र. तेथेही प्रकृतिभेद आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वातलास शीघ्रसमारंभ व श्लेष्मलास अशीघ्रारंभ असे म्हटले आहे. श्लेष्मल मनुष्य सुरुवात करीत नाही, पण एकदा लागला की सोडत नाही; त्याला बाहेरून पहिला धक्का हवा, सोबतीला माणूस हवा. वातल मनुष्य सोमवारी योगासने, मंगळवारी पोहणे, बुधवारी उपवास सुरू करतो आणि रविवारी त्याला काहीच आठवत नाही. त्याची व्याधी आरंभ नसणे ही नाही, आरंभ फार असणे ही आहे. त्याच्या यादीतून गोष्टी काढून टाकाव्या लागतात. पित्तल मनुष्य परिपूर्णतेच्या आग्रहापायी अडतो, असा आमचा अनुभव आहे. ग्रंथाधार म्हणून तो सांगत नाही.

काळ

दिनचर्येच्या अध्यायाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. ब्राह्ममुहूर्ती उठणे, मलोत्सर्ग, दंतधावन, अंजन, नस्य, गंडूष, अभ्यंग, व्यायाम, स्नान. यांतील कोणतेही कर्म 'सवड मिळेल तेव्हा' नाही. प्रत्येक कर्म आधीच्या कर्माच्या पदराला बांधलेले आहे. दंतधावन झाले की पुढचे आपोआप आठवते. धी, धृती व स्मृती यांपैकी स्मृतीवरचा भार या रचनेने हलका होतो, आणि स्मृती सुटली नाही की धृतीला रोज नवे युद्ध लढावे लागत नाही.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हीच रचना प्रयोगांच्या आधारे मांडली. 'मी व्यायाम करीन' असे ठरविणाऱ्यांपेक्षा 'अमुक घडले की मी तमुक करीन' असे ठरविणारे संकल्प अधिक प्रमाणात पार पाडतात. २००६ मध्ये त्यांनी व पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. परिणाम मध्यम ते मोठ्या प्रतीचा आढळला. रुग्णास सांगताना याचे रूप अगदी साधे असते. "सकाळी दूध काढून डेअरीवर घातले की घरी न परतता गावठाणाला एक वळसा" किंवा "रात्री जेवणाचे ताट उचलले की गुडघ्यांना तेल". औषधास जसे अनुपान, तसे नव्या कर्मास जुन्या सवयीचे अनुपान. चिठ्ठीवर आम्ही हे वाक्य रुग्णाच्याच तोंडून वदवून त्याच्याच शब्दांत लिहितो. वैद्याने सुचविलेली वेळ टिकत नाही, स्वतः सांगितलेली पुष्कळदा टिकते.

शोधनाविषयी एक अडचण या भागात विशेष जाणवते. वासंतिक वमनाचा काळ हरभरा-गव्हाच्या काढणीवर येतो, शरदातील विरेचन नेमके सोयाबीनच्या सोंगणीवर. ऋतुचर्या आणि पीकचर्या यांचा हा झगडा आहे व त्यात रुग्णाला दोष देऊन भागत नाही. मात्र श्रावणात पेरणी-डवरणीचा पहिला जोर ओसरलेला असतो, आणि तो बस्तीचा काळ आहे. म्हणून वातव्याधीच्या शेतकरी रुग्णास उन्हाळ्यातच श्रावणातील दिवस ठरवून द्यावेत, दिनदर्शिकेवर त्याच्यादेखत नाव लिहावे. 'पाऊस लागला की या' आणि 'नागपंचमीनंतरच्या सोमवारी या' या दोन वाक्यांत औषधाइतका फरक आहे.

मात्रा

अपथ्य सोडणे व पथ्य धरणे यासाठी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे. वाग्भटाचार्यांनीही तो स्वीकारला आहे. सवयीच्या अहितातील चतुर्थांश सोडावा, त्या जागी हिताचा चतुर्थांश घ्यावा, आणि एक, दोन, तीन दिवसांच्या अंतराने पुढचे पाद चढवावेत. दिवसांचा हिशोब टीकाकारांनी वेगवेगळा लावला आहे. तत्त्वाविषयी मतभेद नाही. एकाएकी सोडलेले अपथ्यसुद्धा विकार करते, हे या क्रमामागील कारण. व्यसनमुक्तीपुरता त्याचा उल्लेख आपण करतो, पण तो सर्व नव्या आरंभांचा नियम आहे. ज्याने वीस वर्षांत व्यायाम केला नाही त्याने सूर्यनमस्कार बारा न घालता तीन घालावेत. तीन नमस्कार घालण्यात मनास द्वेष वाटावा इतके दुःख नाही. आलस्याचा दुसरा पाय तेथेच लटका पडतो.

तंबाखूविषयी एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्या ६९७ जणांवर केलेल्या प्रयोगात, ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर आधी दोन आठवडे कमी करीत जाऊन सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के चार आठवड्यांनंतर मुक्त राहिले होते. हा अभ्यास धूम्रपानाचा आहे, आपल्याकडील खर्ऱ्याचा नव्हे. तरीही पादांशिक क्रमाचा उपयोग 'हळूहळू सोडतो' या बहाण्यास आश्रय म्हणून होऊ नये, एवढे त्यातून घ्यावे. दोन्ही गटांना सोडण्याचा दिवस नेमून दिलेला होता, हेही विसरू नये. खर्रा घोटणाऱ्या रुग्णास आम्ही पहिला प्रश्न 'किती?' असा करीत नाही, 'कोणत्या तारखेला शेवटचा?' असा करतो.

सवय किती दिवसांत अंगवळणी पडते? 'एकवीस दिवस' हा आकडा व्याख्यानांतून सर्रास फेकला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली यांनी ९६ व्यक्तींच्या अभ्यासातून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला मध्यक ६६ दिवसांचा आहे आणि व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला आहे. म्हणजे रुग्णास किमान दोन महिने पाठीशी उभे राहणारा वैद्य हवा. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे : एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत लक्षणीय बाधा आली नाही.

खंड मोठा पडला तर? लग्नसराईत महिनाभर सर्व सुटले, की रुग्ण लाजेने वैद्याकडेच येईनासा होतो. त्याला संसर्जनक्रमाचे उदाहरण चटकन कळते. प्रधान शुद्धीनंतर अग्नी मंद असतो म्हणून आपण बारा अन्नकाल घेऊन पेया, विलेपी अशा पायऱ्यांनी त्यास नेहमीच्या अन्नावर आणतो. पहिल्याच दिवशी पुरणपोळी वाढीत नाही. खंडानंतरचा उत्साह हा असाच मंदाग्नी. सुटलेल्या महिन्याची भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम करणे म्हणजे मंदाग्नीवर गुरू अन्न. पुन्हा तीन नमस्कारांपासून.

वैद्यांचे स्वतःचे संकल्प

येथवरचे सर्व रुग्णांविषयी झाले. परंतु चाळिशी ओलांडलेल्या कोणत्याही वैद्याच्या मनात एक यादी असतेच : संहिता पुन्हा एकदा आरंभापासून शेवटपर्यंत वाचावयाची, रुग्णपत्रके नीट ठेवावयाची, परिसरातील वनस्पतींचा वाळविलेला संग्रह करावयाचा, गुरुजनांचे योग त्यांच्या हयातीत लिहून घ्यावयाचे. या यादीतील शेवटची गोष्ट सर्वांत नाशवंत आहे. गावोगावचे वृद्ध वैद्य जातात आणि त्यांच्याबरोबर चाळीस-पन्नास वर्षांचे निरीक्षण जाते. मागे उरतात काही जीर्ण वह्या, त्यांचीही रद्दी होते. तिला पेरणीइतकाच कठोर काळ आहे, फक्त तो दिसत नाही.

मोठ्या संकल्पांचा आरंभ प्रायः लहान असतो, याला महाराष्ट्रातच उत्तम दाखला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे गृहस्थ. व्यवहारमयूखाची आवृत्ती सिद्ध करताना धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना तीस जोडावी, एवढाच त्यांचा मूळ विचार होता. ती आवृत्ती १९२६ मध्ये निघाली. प्रस्तावनेचा विषय मात्र वाढत गेला व १९३० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. शेवटचा १९६२ मध्ये, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पाच खंडांचा आराखडा समोर ठेवूनच बसावयाचे असते, तर वकिली करणाऱ्या माणसास पहिले पान लिहिण्याचा धीर झाला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे.

आपल्या शास्त्रातील दाखला तर याहून जवळचा. अग्निवेशतंत्राचे चरकाने प्रतिसंस्करण केले. परंतु चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि संपूर्ण कल्प व सिद्धी ही स्थाने, म्हणजे १२० पैकी ४१ अध्याय, दृढबलाने पूर्ण केले. आज आपण 'चरक' म्हणून जे वाचतो त्याचा तृतीयांशाहून अधिक भाग या एका माणसाच्या चिकाटीचा आहे. त्याने आपल्या कामास दिलेली उपमा शेतकऱ्यास सहज कळावी अशी आहे : कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे वेचावेत, तसे नाना तंत्रांतून वेचून हे पूर्ण केले. आपल्याकडे यास सरवा वेचणे म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला मोठ्या सवडीची वाट पाहावी लागत नाही, तो वाकतो आणि एक कणीस उचलतो.

तेव्हा मात्रेचा हिशोब असा मांडता येईल. चरकसंहितेचे अध्याय १२० व अष्टांगहृदयाचेही १२०. आठवड्यास एक अध्याय धरला तर एक संहिता सव्वादोन वर्षांहून थोड्या अधिक काळात संपते. गुरुवारी दुपारी बाजाराचा रुग्ण ओसरला की दार न लोटता त्याच खुर्चीवर एक अध्याय. हा झाला काळ. रुग्णपत्रकांबाबत सर्व रुग्णांची नोंद हा संकल्प बहुतेकांचा पहिल्या आठवड्यात मोडतो. दिवसाला एकच रुग्ण, तोही एकाच व्याधीचा, पूर्ण नोंदवावा. वर्षात तीनशेच्या घरात पत्रके होतात आणि आमवातासारख्या एका व्याधीवरील तीनशे प्रामाणिक नोंदी हा लेखनास पुरेसा आधार आहे. न उतरलेले रुग्णही त्यांत हवेत. यशाच्याच नोंदी ठेवणे हा मिथ्यारंभ होय.

औषधालय-चालकांस काळाचे महत्त्व सांगणे म्हणजे सूर्यास दिवा दाखविणे, कारण त्यांचा माल ऋतूवर चालतो. कल्पस्थानाच्या आरंभीच द्रव्यसंग्रहाचे काळ दिले आहेत : शाखा व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत. तरीही 'स्वतःच्या हाताने उत्तम च्यवनप्राश करावयाचा' हा संकल्प वर्षानुवर्षे पुढे जाताना आम्ही अनेकांकडे पाहिला आहे. आवळा बाजारात भरला की आठवण होते. तेव्हा दशमुळे आणलेली नसतात, तूप पाहिलेले नसते, मोठी कढई दुसऱ्याकडे असते. तयारी होईतो आवळा सुकू लागतो. यावर उपाय एवढाच की कामाचा आरंभ आवळ्यापासून न धरता भाद्रपदापासून धरावा : पोळा झाला की त्या आठवड्यात दशमुळांची मागणी, घटस्थापनेला आवळेवाल्याशी बोलणी व थोडा इसार, दिवाळीच्या पाडव्याला कढई घासून जागेवर. पहिल्या वर्षी पाच किलो आवळ्यांचाच पाक करावा.